धुऊन वापरायचा ऑइल फिल्टर: गाडीत बसवावा का?

प्रश्न थोडक्यात असा: २०१९ ची पेट्रोल स्विफ्ट आहे, वर्षाला सुमारे १५,००० किलोमीटर धावते. ऑनलाइन स्टीलच्या जाळीचा ऑइल फिल्टर दिसला. एकदाच घ्यायचा, प्रत्येक ऑइल बदलताना धुवायचा आणि पुन्हा लावायचा. विकणारा म्हणतो की कागदी फिल्टरपेक्षा ऑइल मोकळं वाहतं, कचरा होत नाही आणि पैसे वाचतात. घरातलेही म्हणतात, बाइकची जाळी आपण धुतोच, मग कारची का नको? तर घ्यावा का?

रोजच्या वापराच्या गाडीत घेऊ नका. कोल्हापूरच्या उद्यमनगरात इंजिनं खोलण्यात आणि बांधण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, त्या अनुभवावरून हे सांगतोय. ही वस्तू फसवी आहे असं माझं म्हणणं नाही. चांगल्या कंपनीचा स्टील फिल्टर उत्तम कारागिरीचा असतो आणि काही ठिकाणी तोच योग्य असतो. पण तुमची स्विफ्ट त्या ठिकाणांपैकी नाही.

आधी एक गैरसमज काढतो, कारण गिऱ्हाईक निम्म्या वेळा तिथेच अडकतं. के अँड एनचे धुता येणारे एअर फिल्टर आपल्याकडे बरेच जण लावतात. त्याच कंपनीचे ऑइल फिल्टरही मिळतात, म्हणून तेही धुवायचे असतील असं लोकांना वाटतं. ते धुवायचे नसतात, वापरून टाकून द्यायचे असतात. धुवायचे ऑइल फिल्टर हा प्रकार वेगळा. त्यात बारीक विणलेली स्टेनलेस स्टीलची जाळी घड्या घालून ॲल्युमिनियमच्या डब्यात बसवलेली असते आणि डबा खोलून जाळी बाहेर काढता येते.

आता बाइकचं. हा मुद्दा चांगला आहे, म्हणून नीट बघू. स्प्लेंडर घ्या. इंजिनाचं साइड कव्हर काढलं की खाली ऑइलची जाळी सरकवलेली असते, मिस्त्री ती काढून पेट्रोलमध्ये धुतो आणि परत घालतो. पण त्या इंजिनात बारीक कचरा धरण्याचं काम ती जाळी करतच नाही. तिच्याकडे एवढंच काम की गॅस्केटचा तुकडा, क्लचप्लेटचा कपचा असलं काही पंपात जाऊ नये. बारीक माल पकडतो तो क्रँकच्या टोकाला फिरणारा सेंट्रिफ्यूगल फिल्टर. ऑइल त्यात गोल फिरतं, जड कण बाहेरच्या भिंतीला जाऊन बसतात, आणि झाकण उघडलं की काळा, घट्ट गाळ खरवडून काढावा लागतो. ज्यानं तो हातानं काढलाय त्याला माहीत आहे, जाळीतून किती काय निसटून तिथं येऊन बसतं ते.

दुसरं म्हणजे त्या इंजिनाचा क्रँक बॉल बेअरिंगवर फिरतो आणि कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाला रोलर असतात. कमी दाबाच्या ऑइलवर त्यांचं भागतं. कारमध्ये बॉल नाहीत, रोलर नाहीत. तिथं दोन अर्ध्या कड्यांचं साधं बेअरिंग असतं आणि क्रँक प्रत्यक्षात ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. तो थर दाबानं टिकतो. बेअरिंग आणि क्रँक यांच्यातली एकूण फट काही शतांश मिलिमीटरची असते, म्हणजे ढोबळमानानं २० ते ६० मायक्रॉन. भार पडतो त्या बाजूला थर दबून मोजक्या मायक्रॉनवर येतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज घ्या.

आणि कारमध्येही बाइकसारखी जाळी आहेच! इंजिनाखालचं ऑइलचं चेंबर खोललं की पंपाच्या सक्शन पाइपच्या तोंडाशी ती दिसते. म्हणजे इंजिन बनवणाऱ्यानं जाळी पंपाच्या राखणीला ठेवली आणि बेअरिंगच्या राखणीला त्यापुढे कागदी फिल्टर लावला. तुम्ही कागद काढून तिथंही जाळी लावता तेव्हा एकामागे एक दोन जाळ्या होतात. पुढची जास्त बारीक हे खरं, पण जाळीच.

जाळी आणि कागद यांच्यात नेमका फरक काय? जाळीला एक पृष्ठभाग असतो आणि त्यात ठरावीक मापाची भोकं. भोकापेक्षा मोठा कण अडतो, लहान निघून जातो. लांबट, सुईसारखा कण उभा आला तर मोठा असूनही जातो. फिल्टरचा कागद म्हणजे तंतूंचा गुंता. त्याला जाडी असते, कण वळणावळणानं आत शिरतो आणि कुठंतरी तंतूला चिकटतो. भोकाच्या मापापेक्षा बारीक कणही कागद काही प्रमाणात धरतो. हायवेवर गाडी चालते तेव्हा तेच तीन-साडेतीन लिटर ऑइल मिनिटाला कित्येकदा फिल्टरमधून जातं. एका फेरीत दहा मायक्रॉनच्या कणांपैकी थोडेच अडले तरी तासाभरात त्यांची संख्या चांगलीच उतरते. जाळीतून सुटणारा कण मात्र शंभराव्या फेरीलाही सुटतोच, कारण भोक तेच आहे.

जाहिरातीत स्टीलच्या चांगल्या फिल्टरवर ३० किंवा ३५ मायक्रॉन असा आकडा दिसेल. तो भोकाचा आकार असतो आणि सहसा खरा असतो. कागदी किंवा सिंथेटिक फिल्टरवर चांगला उत्पादक वेगळ्या प्रकारे आकडा देतो: २० मायक्रॉनचे इतके टक्के कण अडतात, आयएसओ ४५४८-१२ या चाचणीनुसार. ज्या आकड्याबरोबर टक्केवारी नाही आणि चाचणीचं नाव नाही, त्याची टक्केवारीवाल्या आकड्याशी तुलना करू नका. स्वस्तातल्या धुवायच्या फिल्टरांवर तर आकडाच नसतो, नुसतं ‘हाय फ्लो’ लिहिलेलं असतं.

३५ आणि २० यांत एवढं काय, असं वाटेल. जनरल मोटर्सच्या अभियंत्यांनी १९८८ मध्ये एसएई या वाहन अभियंत्यांच्या संघटनेपुढे एक निबंध मांडला होता. मुद्दाम धूळ घातलेल्या ऑइलवर इंजिनं चालवून त्यांनी झीज मोजली. ४० मायक्रॉनच्या फिल्टरच्या तुलनेत ३० मायक्रॉनच्या फिल्टरनं झीज ५० टक्क्यांनी घटली आणि १५ मायक्रॉनच्या फिल्टरनं ७० टक्क्यांनी. प्रयोगातली धूळ रस्त्यावरच्यापेक्षा कितीतरी जास्त होती, म्हणून तुमची झीज नेमकी तेवढ्यानंच बदलेल असं नाही. पण दिशा स्पष्ट आहे. गाळणी जेवढी बारीक तेवढं इंजिन जास्त टिकतं. आपण उलट्या वाटेला जायचं कारण मला दिसत नाही. त्यात आता मारुतीच्या नव्या पेट्रोल इंजिनांना ०डब्ल्यू-१६ सारखं पातळ ऑइल सांगितलेलं असतं. ऑइल पातळ म्हणजे थरही पातळ, म्हणजे पूर्वी निरुपद्रवी असलेला कण आता ओरखडा काढू शकतो.

‘ऑइल मोकळं वाहतं’ हा विक्रेत्यांचा आवडता मुद्दा. गाडीचा ऑइल पंप प्रत्येक फेऱ्याला ठरावीक माप पुढे ढकलतो. गरम इंजिनात चांगला कागदी फिल्टर त्याला फारसा अडवत नाही, त्यामुळे जाळी लावून बेअरिंगला ऑइल काही वाढून मिळत नाही. थंडीत पहाटे, ऑइल दाट असताना कागदावर दाब वाढतो, पण त्यासाठी बायपास व्हॉल्व्ह असतो. तो क्षणभर उघडतो, ऑइल न गाळता पुढे जातं, गरम झालं की बंद होतो. लेहमध्ये गाडी ठेवणाऱ्यानं या मुद्द्यावर विचार करावा. सांगली-साताऱ्याच्या हिवाळ्यात योग्य ग्रेडचं ऑइल असेल तर तो प्रश्न येत नाही.

आता माझ्या मते सगळ्यात मोठा धोका, ज्याबद्दल जाहिरातीत एक ओळही नसते. तो धुण्यात आहे.

स्पिन-ऑन, म्हणजे आट्यांवर फिरवून बसवायच्या फिल्टरमध्ये ऑइल बाहेरून आत जातं. म्हणजे घड्यांच्या बाहेरच्या बाजूला कचरा आणि आतली बाजू स्वच्छ. आतल्या बाजूपासून थेट ऑइल गॅलरी, म्हणजे इंजिनातली ऑइलची वाट, आणि तिथून बेअरिंग. मध्ये दुसरं काहीही नाही. आता माणूस काय करतो? घमेल्यात रॉकेल किंवा पेट्रोल ओततो, जाळी त्यात बुडवतो, खळबळतो, ब्रश मारतो. बाहेरचा कचरा त्या रॉकेलमध्ये पसरतो आणि ते रॉकेल जाळीच्या आत शिरतं. बाहेरची बाजू चकचकीत दिसते. आत, घड्यांच्या बुडाशी, बारीक वाळू आणि धातूची पूड बसलेली असते. मग फडक्यानं पुसतो, त्याचे धागे आत राहतात. जाळी लावून स्टार्टर मारला की पहिल्या काही सेकंदांत ते सगळं सरळ बेअरिंगवर जातं. नव्या कागदी फिल्टरमध्ये हा प्रसंगच येत नाही, कारण त्याची आतली बाजू कधी मळलेलीच नसते.

माझ्याकडे एक डिझेल एसयूव्ही आवाजाच्या तक्रारीवर आली होती, तिच्यात असा फिल्टर होता. मालक काळजी घेणारा माणूस, स्वतः घरी धुवायचा, वेळच्या वेळी. जाळी उजेडात धरून आत टॉर्च मारला तर घड्यांत कापसाचे धागे आणि चमकणारा चुरा. मेन बेअरिंगवर गोल गोल ओरखडे होते, बोट फिरवलं की नखाला लागत होते. त्या माणसानं निष्काळजीपणा कुठेच केला नव्हता. घरच्या सोयींत ही वस्तू जितकी स्वच्छ करता येते तितकी त्यानं केली होती, आणि तितकी पुरेशी नसते, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं याचं मला आजही वाईट वाटतं.

नीट धुवायचं तर आतलं तोंड बुचानं बंद करून बाहेरचा थर आधी काढावा लागतो. मग आतून बाहेर, उलट्या दिशेनं, गाळलेल्या सॉल्व्हंटचा फवारा द्यावा लागतो. शक्य असेल तर अल्ट्रासॉनिक टाकीत ठेवायची. नंतर कोरडी करायची, पण कॉम्प्रेसरची नळी जवळ धरायची नाही, कारण जास्त दाबानं जाळीची वीण सरकते आणि ३५ मायक्रॉनचं भोक शंभराचं झालेलं डोळ्याला दिसत नाही. ओ-रिंग बघायच्या, पेट्रोलनं फुगलेल्या असतील तर बदलायच्या. बायपास व्हॉल्व्हची स्प्रिंग बोटानं दाबून मोकळी आहे का पाहायची. हे सगळं दरवेळी. आणि बंद जागेत पेट्रोलनं काहीही धुऊ नका, हे ऑइल फिल्टरपुरतं नाही, एकूणच सांगतो.

पैशांचा हिशेब मी गिऱ्हाइकासमोर कागदावर मांडतो. स्विफ्टचा कागदी फिल्टर शंभर ते दोनशे रुपयांत येतो. दोनशे धरू. दहा हजार किलोमीटरला एक, म्हणजे तुमच्या वापरात वर्षाला दीड, म्हणजे तीनशे रुपये. अमेरिकेतल्या चांगल्या कंपनीचा स्टील फिल्टर शंभर-दोनशे डॉलरच्या घरात जातो. मागवण्याचा खर्च आणि कस्टम धरून पंधरा हजार पकडले तर वसुलीला पन्नास वर्षं. ऑनलाइन चार हजाराला मिळणारा बिननावाचा घेतला तरी तेरा वर्षं, त्यात धुण्याचं द्रावण, ओ-रिंग आणि तुमचा वेळ धरलेला नाही. वर्षाला ऐंशी हजार किलोमीटर धावणाऱ्या टॅक्सीवाल्यानं विचारलं तर त्याचेही फिल्टरचे वर्षाला सोळाशेच होतात, म्हणजे पंधरा हजाराला नऊ वर्षं. तोवर ती गाडी त्याच्याकडे राहत नाही आणि पुढच्या गाडीला फिल्टरचे आटे वेगळे असू शकतात. शिवाय गाडी वॉरंटीत असेल आणि बेअरिंग गेलं, तर कंपनी पहिलं बोट बाहेरच्या फिल्टरकडे दाखवेल.

कचऱ्याचा मुद्दा मला मनापासून महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्यावर दोन गोष्टी. वापरलेलं ऑइल आपल्याकडे घातक कचऱ्यात मोडतं आणि १ एप्रिल २०२४ पासून ते परत गोळा करण्याची जबाबदारी कायद्यानं ऑइल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवरही आली आहे. एका कागदी फिल्टरमुळे पत्र्याचा डबा आणि ऑइलनं भिजलेला कागद एवढा कचरा होतो. गरम असतानाच काढून, वरच्या टोकाला भोक पाडून, रात्रभर उलटा ठेवला तर आतलं बहुतेक ऑइल निथळतं, ते काळ्या ऑइलच्या डब्यात जातं आणि पत्रा भंगारात. स्टीलचा फिल्टर धुताना मात्र दरवेळी अर्धा-एक लिटर मळलेलं रॉकेल तयार होतं. ते कुठं जातं? मी बघितलंय, गटारात किंवा अंगणाच्या मातीत. ते अधिकृत गोळा करणाऱ्याकडे पोचवणार असाल तरच पर्यावरणाचा मुद्दा तुमच्या बाजूचा.

कचरा खरंच कमी करायचा असेल तर दुसरी चांगली वाट आहे. बऱ्याच इंजिनांत फिल्टरचं घर कायमचं असतं आणि आतला कागदच बदलतात. जुन्या डिझेल स्विफ्टमधलं फियाटचं १.३ मल्टिजेट तसंच. पुढची गाडी घेताना हे विचारायला हरकत नाही. पत्र्याचा डबा वाचतो आणि गाळणी कागदाचीच राहते.

मग हा स्टीलचा फिल्टर कुणासाठी? रेसिंगवाल्यांसाठी. तिथं इंजिन काही शर्यतींनंतर खोलायचंच असतं, बेअरिंग नवीन पडायचंच असतं, त्यामुळे दोन लाख किलोमीटरच्या झिजेशी त्यांना कर्तव्य नसतं. त्यांना हवं असतं ते फिल्टर दोन मिनिटांत खोलून जाळीवर काय आलंय ते बघणं. बेअरिंगचा पांढुरका चुरा दिसला की पुढच्या फेरीला गाडी सोडायची नाही. हा स्टीलच्या जाळीचा खरा गुण आहे. तुम्हालाही तशी तपासणी हवी असेल तर कागदी फिल्टर फिल्टर-कटरनं कापून घड्या पसरून बघा. हॅकसॉनं कापू नका, करवतीचाच बुरा आत पडतो आणि तुम्ही नाहक घाबरता.

मोठ्या जहाजांच्या इंजिनांत स्टीलच्या जाळीचे फिल्टर स्वतःच उलट्या प्रवाहानं धुतले जातात, पण सोबत ऑइल अखंड साफ करणारा सेंट्रिफ्यूज चालू असतो. आणि विमानांचं उदाहरण मला सगळ्यात बोलकं वाटतं. सेस्ना १७२ सारख्या शिकाऊ विमानांत लायकॉमिंगची इंजिनं असतात. त्यांतल्या काही इंजिनांना धुवायची जाळी असते, काहींना फुल-फ्लो, म्हणजे सगळं ऑइल गाळणारा, वापरून टाकायचा फिल्टर. लायकॉमिंगची सूचना अशी की फिल्टर असेल तर ऑइल ५० तासांनी बदला, नुसती जाळी असेल तर २५ तासांनी. फोक्सवॅगनच्या जुन्या बीटल गाडीलाही फक्त तारेची जाळी होती आणि तिचं ऑइल तीन हजार मैलांना, म्हणजे पाच हजार किलोमीटरच्या आत बदलायचं असे. जाळीवर इंजिन चालतं, पण मग ऑइल निम्म्या अंतरात काढावं लागतं. स्विफ्टमध्ये तसं केलंत तर फिल्टरवर वाचवलेल्या तीनशे रुपयांच्या कितीतरी पट ऑइलवर जातील.

तुमच्या हातात जे पैसे आहेत ते कुठं लावावेत ते सांगतो. ऑइलमधली वाळू आकाशातून पडत नाही, ती बहुतेक एअर फिल्टरमधून किंवा त्याच्या कडेनं येते. म्हणून पहिला खर्च एअर फिल्टरवर. उसाच्या मोसमात गाडीवाटेनं जात असाल किंवा मराठवाड्यातल्या कच्च्या रस्त्यांवर फिरत असाल तर तो पुस्तकात लिहिलंय त्याच्या आधी उघडून बघा. बसवताना रबराची कड सगळीकडून बसली का ते पाहा आणि पाइपची क्लिप घट्ट करा. एअर फिल्टरपासून इंजिनाकडे जाणाऱ्या पाइपमध्ये आतून पांढरं फडकं फिरवून धूळ लागली, तर ऑइल फिल्टर सोन्याचा लावून उपयोग नाही.

दुसरं, ऑइल फिल्टर खात्रीच्या दुकानातून. नामांकित कंपन्यांच्या डुप्लिकेट फिल्टरांचा बाजारात सुळसुळाट आहे. पत्रा आणि रंग हुबेहूब, आत घड्या निम्म्या आणि ऑइल परत उतरू न देणारं रबर कडक. सकाळी स्टार्ट करताना ऑइलचा दिवा नेहमीपेक्षा जास्त रेंगाळला आणि क्षणभर टक-टक आली, तर आधी तो फिल्टर बदलून बघा. ऑइल बदलताना फिल्टर दरवेळी बदला. ‘एक आड एक’ करणारे मिस्त्री आहेत, त्यांना नम्रपणे नाही म्हणा. पण दर तीन हजाराला बदलायचीही गरज नाही, कागद थोडा भरल्यावर आणखी बारीक गाळतो.

सगळं वाचूनही हौस म्हणून स्टीलचा घ्यायचाच असेल तर एवढं करा. गाडी वॉरंटीबाहेर असू द्या. बायपास व्हॉल्व्हचा दाब तुमच्या मूळ फिल्टरइतका आहे का ते विचारून घ्या, उत्तर मिळालं नाही तर वस्तू घेऊ नका. ऑइल पाच हजाराला काढा. धुणं वर सांगितलं तसंच. टर्बो असलेल्या गाडीत मात्र हौस म्हणूनही नको, टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो आणि तोही याच ऑइलवर तरंगतो.

तुमच्या स्विफ्टला पुढच्या सर्व्हिसला कंपनीचा फिल्टर लावा. लावण्याआधी इंजिनावर जुनं रबर चिकटून राहिलं नाही ना ते बोटानं चाचपा. नव्या रबराला थोडं नवं ऑइल लावा, रबर टेकेपर्यंत हातानं फिरवा आणि तिथून पाऊण फेरा, पान्यानं जोर लावायचा नाही. स्टार्ट केल्यावर दिवा विझेपर्यंत रेस देऊ नका. मग बंद करा, पाच मिनिटं थांबून डिपस्टिक बघा, आणि खाली वाकून फिल्टरच्या कडेला ओल दिसते का ते पाहा.